दोन यजमान

“त्याला तुम्ही एवढंच सांगाल का, हे विचारतोय मी,” जयवंत म्हणाला. “यंदा गणपतीला धाकट्याकडे जा, म्हणावं. माझं दार उघडंच आहे.”

नानाबुवांचं सारं लक्ष खेळात होतं. खुर्चीवर मांडी घालून ते कॉम्प्युटरपुढे बसले होते, आणि पडद्यावर त्यांची लाल मोटार कोणाच्या तरी गोठ्यात शिरली होती. ती काही केल्या मागे येईना.

“बुवा...”

“ऐकतोय रे. तुझ्या दादाला निरोप द्यायचा. तूच का देत नाहीस?”

“मी का देऊ? तो मोठा आहे. मोठ्यानं धाकट्याच्या घरी आशीर्वाद द्यायला यायचं असतं.”

“आणि तो काय म्हणतो?”

“धाकट्यानं पाया पडायला यायचं असतं, म्हणतो.”

“दोघांचंही बरोबर आहे,” बुवा म्हणाले, आणि त्यांनी मोटार गोठ्याच्या भिंतीवर आणखी एकदा आपटली.

ही दोन सामंत भावांची कथा आंबेखोलच्या पंचक्रोशीत शेंबड्या पोरालासुद्धा पाठ होती. थोरला भालचंद्र, म्हणजे भालदादा, जुन्या घरात राहायचा. धाकट्या जयवंतने हमरस्त्यालगत नवं घर बांधलं आणि हौसेने तिथे स्वतःचा गणपती बसवला. झालं. एका घरातले दोन गणपती झाले, आणि त्या वर्षापासून या घरचा त्या घरी गेला नाही.

दोघंही आरास करायचे. दोघंही दार सताड उघडं ठेवून रस्त्याकडे बघत बसायचे. वाडीतली मंडळी घरोघर आरत्या करत फिरली, की भालदादाच्या अंगणापाशी नेमकं जयवंतचं डोकं दुखू लागायचं. जयवंतच्या फाटकापाशी आली, की भालदादाचा गुडघा धरायचा. देवाच्या नावाने इतकी दुखणी एका वाडीत कधी निघाली नव्हती.

बोलणं तुटलं होतं म्हणावं, तर तसंही नाही. दिवाळीला हा मोबाईलवर पणतीचं चित्र पाठवायचा. लगेच तिकडूनही पणती यायची.

आणि जयवंतला दादाची आठवण येत नव्हती असं कोणी समजू नये. फार येत होती. दादाच्या हातची झांज ऐकू आली नाही की आरती म्हणताना त्याचा ताल चुकायचा. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. परवावर चतुर्थी आली होती. हेही वर्ष असंच गेलं तर पुढे कधीच जमायचं नाही, अशी धास्ती त्याच्या मनाने घेतली होती. म्हणून तो नानाबुवांच्या मठीची टेकडी चढून आला होता.

पण आला होता तो ताठ मानेने. निरोप बुवांनी द्यावा, वाकावं दादाने आणि शांती मिळावी आपल्याला, असा एकूण बेत होता.

“तुझा धंदा काय रे हल्ली?” बुवांनी विचारलं.

जयवंतची छाती जरा फुगली. “नेटवर्किंग, बुवा. कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे. रत्नागिरीतली दोन कॉलेजं मी जोडली. पतपेढीच्या सगळ्या शाखा मी जोडल्या. जोडायचं म्हटलं की जिल्ह्यात लोक माझंच नाव घेतात.”

“असं...” बुवा वळले. “मग हे दोन जोडून दे.”

मठीत दोन कॉम्प्युटर होते. भक्तांनी मठाला घंटा द्यावी, समई द्यावी, फार तर सतरंजी द्यावी. एका भक्ताने आपलं सायबर कॅफे बंद केलं, तेव्हा दोन जुने कॉम्प्युटर आणून बुवांच्या पायाशी ठेवले. त्यात मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ होता. बुवांनी त्या दिवशी सोंगट्यांचा पट गुंडाळला तो गुंडाळलाच.

“एक हा इथला,” बुवा म्हणाले, “आणि एक पडवीतला. टेकडी चढून आल्यावर हसनमियाच्या गुडघ्यांना उंबरा सोसत नाही, म्हणून त्याचा बाहेर मांडलाय. आजवर तो तिकडे एकटा पळतो, मी इकडे एकटा पळतो. आम्हाला एकमेकांबरोबर पळायचंय.”

हसनमिया म्हणजे ओढ्यापलीकडच्या दर्ग्याचे मुजावर. बुवांचे शाळेपासूनचे दोस्त. रोज दुपारी दर्ग्यात झाडलोट झाली की काठी टेकत मठीत यायचे, आणि दोघं म्हातारे दिवेलागणीपर्यंत हमरीतुमरीवर येऊन खेळायचे.

जयवंतला हसू आलं. “एवढंच होय? बुवा, मी तुम्हाला इंटरनेट आणून देतो. वर छपरावर डिश बसवतो. साऱ्या जगाशी जोडून देतो तुम्हाला.”

“जग राहू दे,” बुवा म्हणाले. “ही खोली त्या पडवीला जोड.”

जयवंतने पिशवीतून केबल काढली. एक टोक आतल्या यंत्रात खोचलं, केबल खिडकीतून बाहेर सोडली, दुसरं टोक पडवीतल्या यंत्रात खोचलं. दोन्हीकडे हिरवे दिवे लुकलुकायला लागले. मग त्याने दोघांना पत्ते दिले.

“कसले पत्ते?” पडवीतून हसनमियांनी विचारलं.

“एका वाडीतली दोन घरं समजा, चाचा. वाडी एकच, घरनंबर वेगळे. म्हणजे एकमेकांना सापडतात.”

मग त्याने खेळ उघडून दिला आणि दोघांना समजावलं. पडद्यावर दोन बटणं आहेत. वरचं दाबलं की तुम्ही यजमान, मैदान तुमचं. खालचं दाबलं की तुम्ही पाहुणे, समोरच्याच्या मैदानात जाता. काय आवडेल ते दाबा.

“झालं,” तो म्हणाला, आणि हात झटकून दाराच्या चौकटीला टेकला. “आता निरोपाचं बोलू या का?”

“आधी शर्यत,” बुवा म्हणाले.

थोडा वेळ गेला.

“आलास का रे?” बुवांनी आतून हाक दिली.

“मी कुठला? तू आलास का?” पडवीतून उत्तर आलं.

“नाही रे हसन.”

“इथेही कोणी नाही.”

...

जयवंतने केबल काढून पुन्हा खोचली. दिवे हिरवेच. पत्ते तपासले. पत्ते चोख होते.

“आलास का?”

“नाही. तू?”

जयवंतने दोन्ही कॉम्प्युटरचे फायरवॉल बंद केले. फायरवॉल म्हणजे काय, असं बुवांनी विचारलं, तेव्हा तो जरा चिडूनच म्हणाला, “दारावरचा पहारेकरी असतो, बुवा. अनोळखी कोणी आलं की आत सोडत नाही. त्याला मी रजा दिली आता.”

“बरं केलंस. आलास का रे हसन?”

“नाही रे नाना.”

आता जयवंतला घाम फुटला. पतपेढीच्या साऱ्या शाखा जोडणारा माणूस, आणि दोन म्हाताऱ्यांच्या मोटारी एका रस्त्यावर आणता येईनात. शहाण्या माणसाची हीच गंमत असते, तो आधी अवघड चूक शोधायला जातो. जयवंतने बुवांना बाजूला सरायला सांगितलं, काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप केलं, आणि एकाखाली एक ओळी भराभर उमटल्या.

“हे काय लिहून आलं?” बुवांनी विचारलं.

“या कॉम्प्युटरनं बाहेरच्याला हाक मारली. त्यानं ओ दिली. बघा, दर वेळी देतोय.”

“म्हणजे त्यांच्यात भांडण नाही.”

“छे, छे. लाइन एकदम चोख आहे.”

“हाकेला ओ येते...” बुवा दाढी कुरवाळत म्हणाले, “आणि भेट होत नाही.”

“तेच तर समजत नाही ना, बुवा.”

“असं होतं का, रे?”

“होऊ नये. माझ्या इतक्या वर्षांत कधी झालं नाही.”

बुवांनी मान डोलावली आणि ते खिडकीबाहेर बघत बसले. जयवंतने खेळ पुन्हा पडद्यावर आणला आणि पहिल्यांदाच तो नीट वाचला. यजमान तयार आहे, पाहुण्याची वाट पाहत आहे, असं त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं.

तो तसाच उंबरा ओलांडून पडवीत गेला. हसनमियांच्या पडद्यावरही अक्षरशः तेच लिहिलं होतं. यजमान तयार आहे. पाहुण्याची वाट पाहत आहे.

“चाचा, तुम्ही वरचं बटण दाबलंत?”

“मग? न बोलावता दुसऱ्याच्या मैदानात कसं शिरायचं? आमच्या आईनं तसं शिकवलं नाही.”

“आणि बुवा, तुम्हीही वरचंच?”

“मठी माझी,” बुवा आतून म्हणाले. “माझ्या घरी मी पाहुणा होऊ?”

जयवंतने कपाळावर हात मारला. एवढा वेळ वाया गेल्याचा राग आणि चूक आपली नव्हती याचा आनंद, दोन्ही एकदम उफाळून आले, आणि तो उंबऱ्यात उभा राहून दोघा वडीलधाऱ्यांना रागवायला लागला.

“काय हे? दोघंही यजमान होऊन बसलात तर खेळ होणार कसा? आपापलं मैदान झाडायचं, दार उघडून बसायचं, आणि वर म्हणायचं समोरचा येत नाही. अहो, समोरचाही तेच करतोय तिकडे. अशानं जन्मभर बसाल. कोणीतरी एकानं उठून जायला नको?”

“कोणी?” बुवांनी विचारलं.

“कोणीही हो. ज्याला आधी सुचेल त्यानं. त्यात मोठा कोण अन् धाकटा...”

जयवंत थांबला.

...

पडवीत कोंबडी फिरत होती, तिच्या पायांचा आवाज ऐकू यायला लागला.

जयवंतच्या कानशिलापर्यंत लाली चढली. त्याने बुवांकडे बघितलं. बुवा आपल्या मोटारीचा रंग बदलत होते. लाल काढून त्यांनी पिवळा घेतला, तो आवडला नाही, परत लाल घेतला.

“तुम्ही... मुद्दाम केलंत हे?”

“मी कुठे काय केलं? मी वरचं बटण दाबलं. तूच म्हणालास, आवडेल ते दाबा.”

हसनमिया हसून हसून खोकले. “पोरा, सोमवारी तुझा भाऊ आला होता. इथेच, तू उभा आहेस तिथेच उभा होता. धाकट्याला सांगा म्हणाला. माझं दार उघडंच आहे म्हणाला.”

“हसन,” बुवा म्हणाले, “तुझ्या तोंडाला कुलूप लाव.”

“दादा... इथे आला होता?” जयवंतचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला. तो उंबऱ्यावरच बसला. “टेकडी चढून? त्याच्या गुडघ्यांनी?”

“चांगला टणाटण चढला,” हसनमिया म्हणाले. “त्याच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही.”

जयवंतने डोळे पुसले, आणि पुसता पुसता त्याला हसूही आलं. मग लगेच त्याच्या मनाने दुसरी कुरापत काढली.

“पण बुवा, मग तो का नाही आला माझ्याकडे? त्याला का नाही पाठवलंत?”

“त्याला कॉम्प्युटर जोडता येत नाहीत,” बुवा म्हणाले.

पडवीत हसनमिया कंटाळले होते. “तुमचं चालू द्या. बसून बसून माझी कंबर धरली. नाना, मीच येतो तुझ्याकडे.” त्यांनी खालचं बटण दाबलं.

दोन्ही पडद्यांवर एकच रस्ता उघडला. लाल मोटार आणि हिरवी मोटार शेजारी शेजारी उभ्या होत्या. बुवा खुर्चीत उकिडवे बसले. शर्यत सुटली, आणि मठीत असा काही आरडाओरडा झाला की कोंबडी अंगणात पळाली.

“नाना, आडवा येऊ नकोस.”

“रस्ता तुझ्या बापाचा आहे का?”

जयवंत मधे उंबऱ्यावर बसून एकदा आत आणि एकदा बाहेर बघत होता. खेळ बघताना त्याचं अर्धं लक्ष जुन्या घराकडे होतं. दादाने मखराच्या काठ्या काढल्या असतील. एकटाच बांधत बसला असेल.

“बुवा,” तो हळूच म्हणाला, “मी गेलो तर लोक म्हणतील, धाकटा वाकला. हरला.”

बुवा मोटार पळवण्यात गुंतले होते. त्यांना सवड नव्हती. शेवटच्या वळणावर हिरवी मोटार त्यांच्या नाकासमोरून सुळकन पुढे गेली आणि पडवीत काठी फरशीवर आपटल्याचा आवाज झाला.

“जिंकलो रे नाना.”

“माझ्या मैदानात येऊन जिंकलास?” बुवा इतके खूश झाले होते की जिंकलं कोण ते कोणाला ओळखू आलं नसतं. “चल, आणखी एक. या वेळी मी येतो तुझ्याकडे.”

जयवंत उठला. पिशवी खांद्याला लावली. मग पायात चपला सरकवून तिथेच घुटमळला.

“परवा जाऊ? आरतीच्या वेळी? चार लोक असले म्हणजे बरं पडेल.”

“तुझ्या मोटारसायकलमध्ये पेट्रोल आहे का?”

“आहे.”

“मग परवा कशाला?”

जयवंत दोन पायऱ्या उतरला आणि परत वर आला. आता त्याचा ताठा कुठल्या कुठे गेला होता. नुसती भीती उरली होती, आणि त्या भीतीत बरीचशी ओढ होती.

“बुवा... पण जाऊन बोलू काय? तीन वर्षांनी त्या दारात उभं राहायचं. वहिनी समोर येईल. माफी मागू? की मखराचं काही विचारू? पहिला शब्दच सुचत नाही मला.”

बुवांनी पडद्यावरून नजर काढली आणि त्याच्याकडे प्रेमाने बघितलं.

“वहिनी, भूक लागलीय, म्हण,” ते म्हणाले. “आणि वाटेत काही खाऊ नकोस.”