शंखाची घरपट्टी

शके अठराशे बावीसच्या चैत्रात तळं आटलं, आणि त्याच महिन्यात खेकडा घरपट्टी ठरवायला आला. त्याने गोगलगायीचा शंख नांग्यांत धरून मोजला.

"पलीकडे एवढाच शंख दहा गोळे शेवाळाला विकला गेला. तुझी पट्टी एक गोळा."

"खेकडेदादा, गेल्या साली चिमूटभर होती. मी काही नवं बांधलं नाही. अंग वाढलं, तसा शंख वाढला."

"पट्टी घराची असते बाई, अंगाची नाही. विकलास तर दहा गोळे येतील की!"

"विकून राहू कुठे?"

"ते मोजणीत येत नाही."

तळ्यात शेवाळ उरलंच नव्हतं. मुदत संपली त्या दुपारी गोगलगाय शंखातून बाहेर पडली. तापलेल्या मातीवर ती वीतभरही गेली नाही.

खेकड्याने रिकामा शंख जमा करून घेतला. पट्टी फिटली.