बाहेरून दोर कोणी ओढला?

द्रविड देशात, कावेरी समुद्राला मिळते तिथून दोन कोसांवर वेल्लंतुरै नावाचे बंदराचे गाव होते. त्या गावी अळगर महाराज राहत असत. किनाऱ्यावर झावळ्यांची खोपटी, आत नारायणाची लाकडी मूर्ती, एवढाच त्यांचा संसार. दूरदेशीचा कापूर आणणारा व्यापारी येवो की जाळे विणणारा कोळी, महाराज दोघांनाही एकाच मडक्यातली पेज वाढीत आणि वाढताना दोघांची सारखीच थट्टा करीत.

मुत्तन हा त्यांचा भक्त. त्याचे काम जहाजे शिवण्याचे. होय, शिवण्याचेच! तिकडे फळ्यांना खिळे मारीत नसत. काठाकाठाने भोके पाडून काथ्याच्या सुंभाने त्या एकमेकींना शिवीत. या कामाला माणसे लागतात दोन. आतल्याने दोराचे टोक भोकातून बाहेर सारायचे, बाहेरच्याने ते करकचून ओढून शेजारच्या भोकातून परत आत द्यायचे. मुत्तन आत बसे आणि टाक्यागणिक ‘नारायण’ म्हणे. घाई कशाशी खातात हे त्याला ठाऊकच नव्हते.

त्या वर्षी कंदप्प चेट्टी या बड्या व्यापाऱ्याचे जहाज समुद्रापलीकडच्या कडारम बंदराला निघाले होते. मिरीच्या गोणी भरलेल्या, वारा अनुकूल, आणि एका बाजूची शिवण अजून हातभर बाकी!

“काय रे, जहाज शिवतोस की जप करतोस?” चेट्टी गरजला.

“दोन्ही, अय्या,” मुत्तन मालकाला अदबीने म्हणाला. “आजचा दिवस द्या, उद्या खुशाल निघा.”

“तुझ्या जपासाठी वारा थांबणार आहे का? अरे, लोहाराला बोलवा!”

लोहार आला. फळ्यांना खिळे ठोकले, रिकामी भोके राळेने बुजवली. मुत्तन कळवळला. सुंभाची शिवण लाटेसरशी लवते, खिळा मात्र अडून बसतो आणि उपटतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पण सत्तेपुढे शहाणपण चालत नाही, आणि पैशापुढे तर त्याहून नाही. वर चेट्टी हसून म्हणाला, “यालाही बरोबर घ्या. पाणी आत आलेच तर जपाचा बोळा कोंबील!” सगळा घाट खो खो हसला.

मुत्तन महाराजांकडे धावला. “स्वामी, शिवण अपुरी आणि जहाजावर चाळीस जीव! आत मी बसेन हो, पण भर समुद्रात बाहेर कोण बसणार?”

महाराज म्हणाले, “तू आतले बघ. बाहेरची काळजी तुला कोणी सांगितली?” आणि त्याच्यापुढे पेजेचा द्रोण ठेवला.

मुत्तन आणि चेट्टी दोघांनाही घेऊन जहाज निघाले आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी वादळ उठले. खिळे पटापट उपटले, फळ्यांनी आ वासला, तळात कमरेइतके पाणी झाले. खलाशी मिरीच्या गोणी समुद्रात लोटू लागले. खुद्द चेट्टी तळात उतरून घागरीने पाणी उपसू लागला. जीव वाचवायचा तर मिजास कोण बघतो!

मुत्तनने सुंभाची गुंडी उचलली. राळ कधीच वाहून गेली होती, भोकाभोकातून चिळकांड्या उडत होत्या. त्याने ‘नारायण’ म्हटले आणि दोराचे टोक बाहेर सारले. बाहेर होता नुसता खवळलेला समुद्र. तिथे माणूस क्षणभरही टिकला नसता.

आणि दोर ओढला गेला! सरावलेल्या हाताने ओढावा तसा, करकचून! लगेच टोक शेजारच्या भोकातून आत आले. मुत्तनने ते झपकन पकडले. त्याने दुसरा टाका घातला. पुन्हा ओढ, पुन्हा टोक हजर! मग काय विचारता! मुत्तन रडत होता, हसत होता आणि शिवत होता. शेवटची गाठ बसली आणि पाणी थांबले. चेट्टीने धावत वर जाऊन कठड्यावरून वाकून पाहिले. बाहेर कोणी नव्हते.

जहाज माघारी वळले आणि चाळीसच्या चाळीस जीव सुखरूप किनाऱ्याला लागले. बायकापोरे आनंदाने नाचू लागली. महाराजांचे बोल मुत्तनकडून कळताच चेट्टी त्याचा हात धरून थेट खोपटीकडे निघाला, मागोमाग सारे गाव. महाराज तळहातांना खोबरेल चोळीत बसले होते. दोन्ही तळवे सोलले होते, त्यांवर काथ्याचे लालभडक वळ! जवळच्या म्हातारीने सांगितले, “परवा भर दुपारी यांनी हातातला पळा टाकला, बसल्या जागी हवेत काहीतरी ओढू लागले. आभाळ कोरडे, आणि हे खाऱ्या पाण्याने चिंब!”

मुत्तनला पाहताच महाराज म्हणाले, “काय रे, बाराव्या टाक्याला एवढा उशीर? माझ्या नाकातोंडात पाणी गेले!”

“स्वामी, तेव्हा... रडू आले होते.”

“मग आधी गाठ मारावी, नंतर रडावे!”

सगळे हसले. चेट्टी तेवढा हसला नाही. त्याने महाराजांपुढे लोटांगण घातले. “महाराज, याच्या जपाला मी हसलो. माझ्या घाईने चाळीस घरे उघडी पडली असती.”

“चेट्टी, हात दुखताहेत, मी काही तुम्हाला उठवीत नाही. ज्याला हसलात त्यालाच सांगा.”

चेट्टी वळला आणि त्याने मुत्तनच्या पायांवर डोके ठेवले. मुत्तन ओशाळून पाय मागे घेऊ लागला, पण चेट्टीने ते घट्ट धरले होते. “पुढच्या जहाजाला बाहेर मी बसेन,” तो म्हणाला. “दोर मी ओढीन.”

“बसा, अय्या,” मुत्तन हळूच म्हणाला, “पण तिथे घाई चालत नाही हो.”

“नाही करणार,” असे म्हणत कंदप्प चेट्टीने पुन्हा एकदा डोके टेकवले.