पाराभोवती फिरणारी मोटार

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा डोंगराकडेच्या त्या मुलखात एकच मोटार होती. ती होती घाटाखालच्या एका गावात, एका बापलेकाच्या दारी.

मोटार मुलगा चालवायचा. घाट चढून पलीकडे वैद्याचं गाव होतं. अडलेली बाई असो, तापाने फणफणलेलं पोर असो, मुलगा हातातला घास ठेवून निघायचा. घाटात मोटार अशी गर्जायची, की गुरं कान टवकारायची आणि माणसं म्हणायची, "चला, पोचलं आता माणूस."

मग एका पावसाळ्यात मुलगाच तापाने गेला. मागे राहिले म्हातारा बाप, सून आणि एक लहानगी नात.

म्हाताऱ्याने मोटार घाटात न्यायचं बंद केलं. तो ती रोज सकाळी सुरू करी, गावातल्या पाराभोवती गोगलगाईच्या चालीने एक फेरी घाली, परत आणून दारात लावी आणि आपल्या धोतराच्या सोग्याने पुसून काढी.

"आबा, प्रदक्षिणा झाली का?" पारावरचे लोक विचारत.

"झाली बाबांनो."

"मग प्रसाद कुठाय?"

म्हातारा हसत नसे. "पोराची वस्तू आहे, जपतोय," एवढंच म्हणे.

वर्ष सरलं, दुसरं लागलं. मोटार सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागली. काळा धूर ओकू लागली. पाराच्या जराशा चढालाही तिला धाप लागे आणि पोटात टकटक वाजे. कोणी म्हणालं, तेलात भेसळ आहे. कोणी म्हणालं, दृष्ट लागली. म्हाताऱ्याने तेल बदललं, लिंबू-मिरची बांधली. धूर होता तसाच राहिला.

शेवटी सुनेने गावच्या लोहाराला बोलावलं. मोटारीची डागडुजी पहिल्यापासून तोच करायचा. त्याने धुराच्या नळीशी पांढरं फडकं धरलं, ते काजळासारखं झालं. प्लग काढून बोटाने पुसला, बोट काळं झालं.

"आबा, हिच्या आत काजळी धरलीय."

"एवढी जपतो मी तिला, काजळी कशी धरेल?"

"जपता म्हणूनच. इंजिन नीट तापायच्या आत तुम्ही ते बंद करता. तेल अर्धवट जळतं, आणि न जळलेलं आत चिकटून बसतं. वरचं झाकण खोलून सगळं खरवडावं लागेल. आणि मग तिला घाटात रेटायची. ती घाटाची मोटार आहे, पाराची नव्हे."

म्हातारा मोटारीला पाठ लावून उभा राहिला. "त्या झाकणाचे नट माझ्या पोराने आवळलेत. त्याच्या हातचं आवळलेलं मी कोणाला सैल करू देणार नाही."

"मामंजी," सून दारातून म्हणाली, "खोलू द्या ना. त्यांना नसतं आवडलं असं."

"त्याला काय आवडायचं ते तू मला सांगू नकोस."

सून आत गेली. लोहाराने आपली पिशवी उचलली. जाता जाता म्हणाला, "आबा, हिच्या भरवशावर कोणाला घाटात नेऊ नका."

पुढे सुगीच्या दिवसांत, भर दुपारी, गोठ्याशी खेळणाऱ्या नातीला साप चावला.

माणसं डोली घेऊन धावली. घाटातून पायवाट होती. चार गडी खांदे बदलत पळाले असते, तर उन्हं कलायच्या आत वैद्याच्या दारी पोचले असते. पण म्हातारा ओरडला, "डोली कशाला? दारात मोटार आहे माझ्या!"

पोरीला मांडीवर घेऊन सून मागे बसली. मोटार सुरू व्हायलाच वेळ लागला. मग ती खोकत, धुराचे लोट सोडत निघाली. पहिलं वळण चढली. दुसऱ्या वळणावर तिची धाप वाढली. म्हाताऱ्याने पायाखालचा पेडल जोराने दाबला तशी ती अधिकच गुदमरली, पोटात टकटक टकटक वाजली, आणि थांबली.

"चल गं," म्हातारा म्हणाला. "चल, बये."

मोटार हलली नाही.

मागून पळत आलेल्या गड्यांनी पोरीला डोलीत घातलं. सून डोलीबरोबर धावत गेली. म्हातारा मोटारीपाशी उभा राहून वरच्या वाटेकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने त्याला माणसं परतताना दिसली. डोली खांद्यावर होती, पण कोणालाही घाई नव्हती.

तेव्हा म्हातारा खाली बसला.

सुनेने त्याला बोल लावला नाही. लावला असता, तर त्याला जरा सोपं गेलं असतं. ती पलीकडच्या मुलखात आपल्या माहेरी निघून गेली.

मग म्हातारा स्वतःच लोहाराकडे गेला. "खोल," म्हणाला.

लोहाराने एकेक नट सैल केला. म्हाताऱ्याने प्रत्येक नट हातात घेऊन पाहिला. ते लोखंडी नट होते. त्यांच्यात मुलाचं काही नव्हतं. झाकण निघालं. आत काजळीचे कडक पापुद्रे बसले होते. म्हाताऱ्याने ते रॉकेलने भिजवले, पितळी पट्टीने खरवडले, फडक्याने पुसले. ते एका दिवसाचंही काम नव्हतं.

मोटार पुन्हा घाट चढू लागली. गुरांनी कान टवकारले. पुढे त्या मोटारीने कितीतरी माणसं वैद्याकडे वेळेत पोचवली, आणि त्यांच्या घरचे लोक म्हाताऱ्याच्या पाया पडायला आले. त्याने दार उघडलं नाही.

तात्पर्य: गेलेल्याची खूण जपताना राहिलेल्यांची वाट बुजवू नये.