छंद : पोहणे

“...आणि हा सगळा तूच?”

आनंदगिरी बाबांनी बायोडेटाचा कागद हातभर लांब धरला होता.

“मीच, बाबा. खाली फक्त तुमची सही हवी. ‘वरील मजकूर खरा आहे’ लिहिलंय ना, तिथं.”

सौमित्र निकम इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. एका पंपांच्या कारखान्यात इंटर्नशिप होती. आज पाचच्या आत बायोडेटाचा फोटो पाठवायचा होता आणि त्यावर ओळखीच्या जाणत्या माणसाची सही लागत होती. आधीच्या सहा कंपन्यांनी साधं ‘नाही’सुद्धा कळवलं नव्हतं. वर्गातली सगळी पोरं कुठे ना कुठे चिकटली होती, हाच तेवढा राहिला होता. त्याची त्याला लाज वाटत होती.

बाबा संन्यास घेण्याआधी तीस वर्षं मुख्याध्यापक होते. तालुक्यात त्यांच्या सहीला अजून वजन होतं. म्हणून स्वारी कॉलेज बुडवून थेट कृष्णेच्या घाटावर येऊन थडकली होती.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. बाबा वाचत कसले होते, एकेका शब्दापाशी मुक्काम करत होते.

“नेतृत्वगुण...”

“हो.”

“दडपणाखाली शांत राहण्याची क्षमता...”

“हो, बाबा,” म्हणत सौमित्रने तिसऱ्यांदा मोबाइलमध्ये वेळ पाहिली.

“छंद, पोहणे.”

“हो, हो.”

बाबांचा चेहरा खुलला. “बरं झालं. माझी आंघोळ राहिलीच आहे. चल, पलीकडच्या पायरीवर बसून सही करतो. कागद डोक्याला बांध आणि ये.”

तो काही बोलायच्या आत बाबांनी कागद त्याच्या हातात दिला, पेन छाटीत गुंडाळून छाटी डोक्याला बांधली आणि पाण्यात उतरले. सत्तरीचा म्हातारा संथ हात मारत डोह पार करून गेला. पलीकडे छाटी सोडून पायरीवर निवांत बसला.

सौमित्र अलीकडे. पूल दोन मैल खाली.

“बाबा, वेळ नाहीये हो...”

“म्हणून तर म्हणतो, पोहत ये.”

चार पंचवीस.

खरी गोष्ट अशी होती की तो बायोडेटा सौमित्रचा नव्हताच, होस्टेलचा होता. कधीकाळच्या कुणा सीनियरने तो केला होता आणि त्याला नोकरी लागली होती. तेव्हापासून दर वर्षी पोरं त्यात नाव आणि मार्क तेवढे बदलत. बाकीच्याला हात लावायची कुणाची छाती होत नसे. सौमित्र तर जन्मात गुडघ्याच्या वर पाण्यात गेला नव्हता.

तो एक पायरी उतरला. पाणी पायाला लागताच दोन पायऱ्या वर आला.

“बाबा... मला पोहता येत नाही.”

बाबांनी कानाला हात लावला. “काय?”

“मला पोहता येत नाही...”

धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबले. एकीने पदर तोंडाला लावला. सौमित्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा उठले, पेन पुन्हा छाटीत गुंडाळून डोक्याला बांधलं, पोहत परत आले आणि निथळत त्याच्यासमोर उभे राहिले.

“मग हे लिहिलं कोणी?”

“आधीपासूनच होतं... फॉरमॅटमध्ये.”

बाबांनी छाटी सोडून पेन पुढे केलं. सौमित्रने ‘पोहणे’ शब्दावर आडवी रेघ मारली. मग त्याची नजर वर चढत गेली. क्षमता... नेतृत्वगुण... पेन तिथंच थबकलं.

“बाबा, सगळंच खोडलं तर नाव आणि मार्कच उरतील. मग मला घेणार कोण?”

बाबांनी छाटीने ओले हात पुसले.

चार चाळीस. सौमित्रने घाईघाईने पेन त्यांच्या हातात कोंबलं आणि कागद गुडघ्यावर धरला. “राहू दे आता, बाबा. करा सही. इथं, खाली.”

बाबांनी खाली पाहिलंच नाही. दाखल्यातल्या खाडाखोडीपुढे मुख्याध्यापक करतात, तशी त्यांनी त्या खोडलेल्या शब्दापुढे समासात बारीक, पूर्ण सही केली. खाली तारीख घातली. पेनाला टोपण लावलं.

“बाबा, इथं नाही... सही सगळ्या मजकुराखाली लागते.”

“मला खात्रीनं ठाऊक आहे ते एवढंच.”