दिवेलागणीचा घास

ऐका कोठीमाते, तुझी कहाणी. एक होतं आटपाट नगर. तिथं राजाच्या धान्याची कोठी सांभाळणारा एक कोठावळा होता. केरबा त्याचं नाव. सांजेला कोठीला कुलूप घाली, मग चौकात सोंगट्या खेळत बसे. घरी म्हातारी आई आणि बायको भिवरा. नवरा जेवल्यावाचून घास घेऊ नये, असा तिचा नेम. दिवसभर पोट रिकामं, रात्री उशिरा ताटभर भात. जेवली की तशीच अंथरुणावर.

मग काय झालं? तहान भागेना. अंगात त्राण राहीना. पायाला ठेच लागली, ती भरेना. वैद्य म्हणाला, "बाई, रक्तात साखर फार झाली. अशीच राहिली तर पाय गमवाल." भिवरेला रडू कोसळलं. तिनं सोमवार धरला, शनिवार धरला, एकादशी धरली. दिवस कोरडे गेले, रात्रीचं ताट तेच राहिलं.

मग एके दुपारी जात्यापाशी तिचा डोळा लागला. स्वप्नात उजव्या बरगडीखाली एक दार उघडलं. आत मऊ तांबूस उजेड, सारवलेली कोठी, साखरेच्या राशी, आणि मधोमध एक दमलेली म्हातारी.

"आजी, तुम्ही कोण?"

"मी तुझी कोठीमाता. लोक मला यकृत म्हणतात. दिवसा येईल ते भरून ठेवते. तू निजलीस की मूठमूठ साखर रक्तात सोडते, त्यावर तुझा जीव रात्रभर तगतो. पण माझं वाटप सुरू होतं, तेव्हाच तू वरून ताट रितं करतेस. मी वाटू की भरू? दोन्हीकडची साखर रक्तात वाहते गं."

"मग उपास धरू?"

"उपास नको. जेवणाचा वसा घे. दिवसाचं दिवसा खा, दिवे लागले की शेवटचा घास घे. उतू नको, मातू नको, वेळ टाळू नको."

भिवरा जागी झाली. पहिल्या सांजेला ताट वाढलं, लाज वाटली, झाकून ठेवलं. दुसऱ्या सांजेला घास उचलला, सासू म्हणाली, "नवऱ्याआधी?" घास खाली ठेवला. तिसऱ्या सांजेला पायाकडे पाहिलं, आणि जेवली.

केरबा आला, संतापला. "माझ्याआधी जेवलीस?"

"अहो, तुम्ही धान्य वाटत असताना त्याच दारानं कुणी पोती आत लोटली तर?"

"छे! दारातच सांडेल सगळं."

"माझ्या पोटातही एक कोठावळीण आहे हो. तिच्या दारात मी रोज सांडते. म्हणून हा पाय असा."

मग केरबा खाली बसला. चिंधी सोडली, जखम पाहिली. इतके दिवस त्यानं ती पाहिलीच नव्हती. त्याला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सोंगट्या चौकातच राहिल्या. दिवे लागले, केरबा दारात. "वाढ," म्हणाला, "तुझं ताट आधी." हळूहळू तहान भागली, हळूहळू त्राण आलं, हळूहळू जखम भरली. श्रावणात भिवरा फुगडी खेळली, सासूनं तिचे हात धरले.

कोठीमाता जशी भिवरेला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. आणि बायांनो, कुणाची वाट पाहत घरी ताट झाकून ठेवलं असेल, तर उठा, आधी ते उघडा. ही साठां घासांची कहाणी, वेळच्या पांच घासांनी सुफळ संपूर्ण.