मिठागरावरचे पाळणाघर

एकदा एका तरुण आईची झोप एका वाक्याने उडवली. वाक्य तिनेच लिहिलेले होते. ते पुरेसे करुण झाले आहे की नाही, हे तिला ठरवता येईना. मध्येच ती उठे, शेजारी निजलेल्या लेकीच्या, रेवाच्या, नाकाशी बोट धरून श्वास चालू असल्याची खात्री करी, आणि पुन्हा त्या वाक्यात एखादे विशेषण घाली. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचे दुःख दिसले, की आधी विशेषणेच सुचतात. हे तिला कळत होते. पण अर्जाची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

गावाबाहेर मिठागर होते. तिथे मीठ ओढणाऱ्या बायका पहाटेच कामावर जात आणि त्यांची लहान मुले झोपड्यांपाशी एकटी राहत. त्या मुलांसाठी पाळणाघर काढावे, असे तिच्या मनाने घेतले होते. आदल्या वर्षी तिने एका दानशूर संस्थेकडे अर्ज केला. 'गरज पुरेशी स्पष्ट होत नाही' असा शेरा घेऊन तो परत आला. पुढे काही दिवसांनी सोमी नावाच्या मजुरणीची चार वर्षांची चंदी खाडीचे पाणी साठवायच्या खड्ड्यात बुडाली. आता गरज स्पष्ट झाली होती. नव्या अर्जाचा आरंभ तिने चंदीपासून केला.

सकाळी रेवाचे बोट धरून ती गुरुजींकडे गेली. गावातली शाळा आणि दवाखाना या वृद्ध गृहस्थांच्या शब्दावर उभे राहिले होते. लोकांसाठी मागावे कसे, हे ती त्यांच्यापाशीच शिकत होती.

"ये, ये. आणि ही कोण? सचिव का तुझी?" रेवाला पाहून गुरुजी म्हणाले.

"सचिव कसली, अध्यक्ष आहे. घरात हिचंच चालतं."

गुरुजी हसले. चष्मा लावून त्यांनी अर्ज चाळला. खोली, वरचे पत्रे, पाळणे, खेळणी, भिंतीवर काढायची फुलपाखरे, सारे त्यात होते.

"मुलांजवळ दिवसभर कोण बसणार?"

"ते पुढचं पुढं, गुरुजी. आधी खोली तर उभी राहू दे. बघेल कुणीतरी. तुम्ही सुरुवात वाचा ना, त्यावर फार मेहनत घेतलीय मी."

गुरुजींनी पहिले पान डोळ्यांसमोर धरले आणि ते मोठ्याने वाचू लागले, "'रेवा, वय वर्षे चार. तिची आई अज्ञानी आणि बेफिकीर...'"

"चंदी, गुरुजी. तिथं चंदी लिहिलंय."

गुरुजी थांबले नाहीत. "'पोटच्या पोरीकडे लक्ष द्यावे, याचीही त्या मातेला जाणीव नव्हती. म्हणूनच त्या दुर्दैवी सकाळी रेवा पाण्यात पडली आणि तिचा इवलासा निष्प्राण देह...'"

"पुरे! पुरे करा, गुरुजी! लेकरू समोर बसलंय आणि काय हे अभद्र!" तिने रेवाला कुशीत ओढले. "आणि मी बेफिकीर नाही. रात्र रात्र हिचा श्वास बघत बसते मी."

"मग सोमी होती का?"

ती रेवाचे केस सारखे करू लागली.

"तू गेली होतीस ना तिच्याकडे?"

"गेले होते." तिचा आवाज खाली आला. "फोटो मागायला."

गुरुजींनी कागद मांडीवर ठेवला.

"तुझ्या मागून मीही गेलो होतो. सोमी कामाला जाताना चंदीला रोज झोपडीच्या खांबाला बांधून जायची. जुन्या लुगड्याची पट्टी होती. पोरीनं पाण्याकडे जाऊ नये म्हणून. त्या दिवशी कमरेला काचून रक्त आलेलं दिसलं, आणि आईला बांधवेना. तुझी माया आणि तिची माया यांत अंतर एवढंच आहे, मुली, की तुला घरी राहता येतं. देणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणणं काही अवघड नाही. या कागदाला कदाचित पैसे मिळतीलही. पण ज्याच्यासाठी मागायचं, त्याला शेजारी बसवून जे वाचता येत नाही, ते मागणं नव्हे. दुःख दाखवत सुटलो, की आपलं सगळं लक्ष देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे लागतं आणि मुलांकडे बघायचं राहून जातं. तुझ्या अर्जात तेच राहिलंय."

"काय राहिलंय?" तिने विचारले.

गुरुजींनी कागद तिच्या हाती दिला. रात्रीचे ते वाक्य तिने पुन्हा वाचले. तिथे नाव चंदीचे होते, पण तिला ते रेवाचेच दिसू लागले. वाक्य पुरेसे करुण झाले होते. तिने ते खोडले.

रेवा इतका वेळ सारे ऐकत होती. तिने आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवले.

"आई, मी पाण्यात पडले ना, मग मला बाहेर कुणी काढलं?"