जुना शिंपला, नवी दोरी

खाडीवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. धाकू तांडेलाच्या घरात तीन पिढ्या कालवं वाढवत. खाऊन उरलेले शिंपले अंगणात ढीग होऊन पडायचे.

एकदा नवी दोरी ढिगातल्या म्हाताऱ्या शिंपल्याला म्हणाली, "आजोबा, तुम्ही आता चुन्याच्या भट्टीत. खाडीत मी जाणार!"

तेवढ्यात धाकूची सून टोपली घेऊन आली. शिंपल्याने मनातच खाडीचा निरोप घेतला. सुनेने मात्र त्याला भोक पाडलं, दोरीत ओवलं आणि दोघांना पाण्यात सोडलं.

भरतीबरोबर कालवांची इवली पिल्लं आली.

"या रे, मी नवीकोरी आहे!" दोरीने हाक मारली.

"तू गुळगुळीत आहेस, आम्ही घसरतो," म्हणत ती सगळी खडबडीत शिंपल्याला चिकटली.

"किती जड झालात हो, आजोबा!" पिल्लं मोठी होऊ लागली तशी दोरी कुरकुरली.

शिंपला म्हणाला, "घट्ट धर, बाई. घरचीच पोरं आहेत."